बाकीची पाखरं

बरेच महिने इथं काही लिहिलं नाही. दादांच्या आजारपणात नायगावला मुक्काम पडला आणि बाकीचं सगळं मागे राहिलं. आज लिहितोय ते अर्धं एका कवितेबद्दल आहे आणि अर्धं आमच्या घराबद्दल. घरातले बरेच जण हे वाचतात, म्हणून दादांना आधीच विचारून घेतलं. "लिही," म्हणाले, "पण मला चांगलं दाखवायला जाऊ नको."

तर कविता. रघुनाथ पंडितांचं नलदमयंतीच्या स्वयंवराचं आख्यान. शाळेत त्यातला हंसाचा भाग ज्यांनी केला असेल त्यांना आठवेल. निषध देशाचा राजा नळ बागेत जातो, तळ्याकाठी सोनेरी हंस बघतो, दबकत जाऊन त्याला धरतो. बाकीची पाखरं उडून जातात. पकडलेला हंस माणसासारखा बोलतो, रडतो, राजाला दया येते, तो त्याला सोडतो. मग हाच हंस कृतज्ञतेपोटी विदर्भात जातो आणि दमयंतीपुढे नळाचं वर्णन करतो. पुढचं लग्न त्या पाखरानं जमवलेलं.

ह्या आख्यानात मालिनी वृत्तातला एक श्लोक आहे. बाकीचे पक्षी घाबरून उडाले, आपला माणूस सापडला तरी त्याच्यापाशी कुणी थांबलं नाही, आणि मग चौथ्या चरणात, वेळ वाईट आली की कोण कुणाच्या उपयोगी पडतं, असा प्रश्न. ओळ इथं लिहीत नाही, तुमच्या ओठांवर आलीच असेल. ज्यांनी रघुनाथ पंडितांचं नावही ऐकलेलं नाही तेही ती म्हणतात. बँकेनं कर्ज नाकारलं की म्हणतात, निवडणूक हरली की म्हणतात. आमच्याकडे तर वायरमन दोन दिवस आला नाही तरी म्हणायचे.

दादांच्या तोंडी मात्र ती ओळ एकाच माणसासाठी होती. अण्णांसाठी. अण्णा म्हणजे दादांचे मोठे भाऊ, आमचे मोठे काका.

आधी आबांचं सांगतो, कारण ही कविता आमच्या घरात शाळेतून आली नाही. आबा शिकले ते निजामाच्या राज्यात, उर्दू माध्यमात. अलिफ-बे गिरवलेला माणूस. सही करायची तर उर्दूत, हिशोब उर्दूत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि मग गावातल्या पोरांना मराठी शाळा मिळाली. पण आबांना नळ-दमयंती अथपासून इतिपर्यंत ठाऊक होतं. का, तर कीर्तन. नारदीय कीर्तनात उत्तररंगाला आख्यान लावतात. बुवा श्लोक म्हणणार, मध्ये थांबून गोष्ट सांगणार, पेटी-तबला साथीला. आबांनी ते श्लोक कानानं उचलले होते. पुढे दादांना शाळेत तीच कविता लागली तेव्हा मास्तरांच्या आधी आबांनी चाल शिकवली. मराठी वाचता न येणाऱ्या बापानं मुलाला पंडिती कविता शिकवली, हे मला अजूनही मोठं नवल वाटतं.

आता १९७२. मराठवाड्यातल्या माणसाला ह्या आकड्यापुढे दुष्काळ हा शब्द जोडावा लागत नाही. पाऊस त्याच्या आधीच्या दोन वर्षांतही धड नव्हता, ७२ ला तर गेलाच. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलानं गेली, गावंच्या गावं खडी फोडायच्या कामावर. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि लेकरांना सुकडी. आमच्या घरी तेव्हा आबा नव्हते. आजी अंथरुणाला खिळलेली. दोन भाऊ, कोरडवाहू जमीन आणि एक बैलजोडी. बैलजोडी दिवाळीआधीच विकली.

१९७३ च्या फेब्रुवारीत अण्णा बायको-पोराला घेऊन बोधनला गेले. नरसी, बिलोली, मग मांजरा ओलांडली की बोधन. तेव्हा ते आंध्रात होतं, आता तेलंगणात. निजामसागरच्या कालव्याचं पाणी, भात, ऊस आणि साखर कारखाना, त्यामुळे आमच्या भागातले पुष्कळ लोक तिकडे पोट भरायला जात. अण्णांना कारखान्यात रोजंदारी मिळाली. इकडे दादा, वय सव्वीस, सकाळी खडी फोडायला जायचे आणि संध्याकाळी येऊन आजीचं सगळं करायचे. मेमध्ये आजीचं फारच बिघडलं. दादांनी कार्ड टाकलं. अण्णा आले नाहीत, वीस रुपयांची मनीऑर्डर आली. जूनमध्ये आजी गेली. अण्णा पोचले ते दहाव्याला.

आणि तिथं गोदावरीच्या काठी, भाऊबंदांसमोर, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसलेले असताना, दादांनी तो श्लोक म्हटला. चारही चरण, चालीवर. अण्णांकडे बघून.

हे मी पाहिलेलं नाही, माझा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला. पण ही गोष्ट मी इतक्या तोंडांतून ऐकली आहे की डोळ्यांपुढे उभी राहते. अण्णा काही बोलले नाहीत म्हणतात. संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. पुढे लग्नकार्याला यायचे, आहेर करायचे, जेवून निघायचे. दोन भाऊ शेजारी बसलेले मी कधी पाहिले नाहीत. २००९ मध्ये अण्णा गेले. दादा बोधनला गेले, खांदा दिला, तिसऱ्या दिवशी परत आले आणि महिन्याभरातच कशावरून तरी पुन्हा तीच ओळ म्हणाले. मला तेव्हा राग आला होता. मेलेल्या माणसाला तरी सोडा की. पण बोललो नाही. दादांना उलट बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि मी तरी कोण? १९९२ ला अकरावीसाठी लातूरला गेलो, तिथून पुण्याला, तो दिवाळी-उन्हाळ्यापुरता येणारा. २०२० च्या टाळेबंदीत आई-दादा नायगावला दोघंच होते आणि मी पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीत. रोज फोन करायचो. दादा एकदाही ती ओळ म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटायचं.

असो.

२०२३ च्या नोव्हेंबरात दादा अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, घरी आणलं. काचबिंदूनं नजर आधीच गेलेली, त्यामुळे टीव्ही नाही, पेपर नाही. मी कंपनीला सांगून नायगावहूनच काम करायला लागलो. संध्याकाळी काय करायचं? एक दिवस मी माझ्या पुस्तकांतून हे आख्यान काढलं. पूर्वी कधीतरी अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं होतं, वाचलं नव्हतं. खरं सांगायचं तर एकेका श्लोकाला अडखळत होतो. संस्कृत शब्द, लांब समास, अन्वय लावता लावता नाकी नऊ. दादा पलंगावरून हसायचे. "पदं मोड. बुवा मोडायचे तसं मोड." मग तेच पुढे म्हणायचे आणि मी पुस्तकात बोट ठेवून मागे मागे जायचो. शहात्तर वर्षांच्या माणसाला शाळेतले श्लोक जसेच्या तसे पाठ.

तो श्लोक आला. दादांनी म्हटला. नेहमीसारखा चौथा चरण जरा लांबवला. मी गप्प.

मग ते त्याच ओघात पुढे गेले. पुढे हंसाचं रडणं आहे. हंस म्हणतो, माझी आई इतकी म्हातारी की तिला उडताही येत नाही. बायकोचं तर काय सांगू, तिला बाळंत होऊन सात दिवस झालेत. दोघींना सांभाळणारा मी एकटा. वृत्त इथं बदलतं, मालिनीतून शार्दूलविक्रीडितात, चाल संथ होते. दादा त्या सात दिवसांपर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं विसरले. मी पुढचा शब्द दिला.

"विसरलो नाही," म्हणाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बोधनचा आपला पोरगा कधीचा रे?"

"संक्रांतीचा. त्र्याहत्तरची संक्रांत." (भाऊ, तुझा वाढदिवस आमच्या घरात तिळगुळाबरोबर लक्षात राहतो.)

दादांनी बोटांवर मोजलं. जानेवारी, फेब्रुवारी. मोजण्यासारखं काही नव्हतंच खरं तर.

"म्हणजे लेकरू महिन्याचं बी नव्हतं," म्हणाले. "वल्ली बाळंतीण होती वहिनी. खायला मिलो. दूध कुठलं येतंय." आणि मग, "म्हातारी माझ्याकडं होती. बाळंतीण त्याच्याकडं. मी म्हातारीचंच बघत बसलो."

एवढंच. पन्नास वर्षं जो श्लोक हत्यारासारखा वापरला, त्याच्या पुढचेच श्लोक त्यांना तितकेच पाठ होते. शेकडो वेळा म्हटले असतील. हंसाच्या एका घरट्यात जे दोन जीव होते, ते आमच्या घरात दोन भावांत वाटले गेले होते, आणि दादा आयुष्यभर समजत आले की पकडलेला हंस मी, आणि अण्णा उडून गेलेल्यांतले. अण्णांचेही पाय कुणाच्या तरी मुठीत असतील हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मला अण्णांची दया यायची, पण ते दोषी आहेत हे मीही धरूनच चाललो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही, मग मी कवितेच्या मागे लागलो. पुढचे आठ-दहा दिवस तेच केलं. सापडलेलं सांगतो, कारण मला तरी हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

रघुनाथ पंडितांनी हे आख्यान रचलं ते श्रीहर्षाच्या 'नैषधीयचरित' ह्या बाराव्या शतकातल्या संस्कृत महाकाव्याच्या वाटेनं. म्हातारी आई, नुकती बाळंत झालेली बायको, हे सगळं तिथं आहे. पण तिथं बाकीची पाखरं भेदरून गप्प पळून जात नाहीत. ती जमीन सोडून आकाशात जातात खरी, पण वरून राजाला ओरडून शिव्या घालतात. तुझ्यासारखा मर्यादा सोडलेला राजा जिथं आहे ती धरती राहण्याच्या लायकीची नाही, असं सुनावतात. म्हणजे पाखरांना जे शक्य होतं ते त्यांनी केलं. मराठीत येताना त्यांची भीती तेवढी उरली, ओरडणं गेलं. आणि आपल्याला म्हण मिळाली.

वीस रुपयांची मनीऑर्डर हेही एक ओरडणंच असेल का? १९७३ मध्ये रोजंदारीवरच्या माणसाचे वीस रुपये म्हणजे किती दिवसांचे, हा हिशोब आमच्या घरात कुणी केलेला नव्हता. दादांना विचारलं. खडीच्या कामावर रोज दोन-तीन रुपये पडायचे म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत.

पाखरांचं आणखी एक. संस्कृतातला हंस म्हणजे कॅलेंडरवर रविवर्म्याच्या दमयंतीपुढे दिसतो तो लांब मानेचा पांढराशुभ्र पक्षी, असं आपण धरतो. तसला पक्षी आपल्याकडे रानात दिसणं जवळजवळ अशक्य. फोगेल नावाच्या डच अभ्यासकाचं ह्यावर अख्खं पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याचं म्हणणं की जुना हंस म्हणजे बहुतेक आपला पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालयावरून उडून येणारा. हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर हे पक्षी येतात. मी ते पाहिलेत. दुपारी काठावर एका पायावर उभे राहून, मान पाठीवर वळवून चोच पिसांत खुपसून झोपतात. श्रीहर्षानं नळाचा हंस अगदी असाच झोपवलाय, तेव्हा त्यानं तो पाहिलेला असणार. कुत्रं आलं की सगळा थवा एकदम उठतो, केवढा गलका करतो, पाण्यावर गोल फिरतो. तो गलका ऐकताना ह्यांना भित्रे म्हणावंसं वाटत नाही. जमिनीवर राहून कुत्र्याशी काय करणार ते?

आणि त्या श्लोकातल्या प्रश्नाचं उत्तर कवितेत दिलेलं आहे, हे तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कामाला कोण आलं? ज्यानं पकडलं होतं तोच. नळाची मूठ उघडली. श्रीहर्षाच्या हंसानं तर सुटल्यावर पंख झटकले आणि तो परत येऊन राजाच्याच हातावर बसला. आपण मात्र प्रश्न तेवढा तोडून घेतला आणि त्याला उत्तर नाही असं समजून पिढ्यान्‌पिढ्या वापरला. रघुनाथ पंडितांच्या नावावर गजेंद्रमोक्षही आहे. तिथंही एक पाय धरलेला जीव आहे आणि सोडवू न शकलेले सोबती आहेत. भागवतात ते हत्ती ओढून बघतात, जोर पुरत नाही. म्हणून त्यांना कुणी पळपुटे म्हणत नाही.

हे सगळं मी रोज संध्याकाळी दादांना सांगायचो. त्यांना आवडलं ते मात्र वेगळंच. महाभारतात ही गोष्ट येते वनपर्वात. द्यूतात सगळं हरलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा तुम्ही पाहिलाय का? त्यावर ऋषी नळाची गोष्ट सांगतात. दादा मोठ्यानं हसले, दुखऱ्या पायाला हात लावत. "म्हणजे आपल्याच जातीचा हाय की धर्मराज. माझ्याइतकं कुणाचं वाईट नाही म्हणणारा."

मग पुढचं सांगितलं, जे शाळेतल्या कवितेत नव्हतं. नळही द्यूतात हरतो. रानात उपाशी असताना त्याला पुन्हा पाखरं दिसतात, पुन्हा सोनेरी पंखांची. ह्या वेळी तो खायला म्हणून त्यांच्यावर अंगावरचं एकुलतं वस्त्र टाकतो, आणि पाखरं वस्त्रच घेऊन उडतात. वरून सांगतात, आम्ही ते फासेच आहोत, तुझ्या अंगावर एवढंही ठेवायचं नव्हतं. त्याच रात्री तो झोपलेल्या दमयंतीचं अर्धं लुगडं फाडून घेतो आणि तिला रानात टाकून निघून जातो. ज्यानं हंसाच्या बायकोसाठी हंसाला सोडलं, तो स्वतःची बायको सोडून पळाला. आणि दमयंती काय करते? माहेरी पोचल्यावर ब्राह्मणांना एक प्रश्न पाठ करायला देते आणि गावोगाव तो म्हणत फिरायला लावते. अर्धं वस्त्र फाडून कुठे गेलास रे जुगाऱ्या, अशा अर्थाचा. टोमणा आहेच त्यात. पण ऐकून जो उत्तर देईल तोच नळ, म्हणून हुडकायला.

दादा म्हणाले, "तिनं हुडकायला म्हटलं." वाक्य तिथंच सोडलं. मीही ओढलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी मला म्हणाले, "बोधनला फोन लाव. वहिनीला."

मोठी आई आता पंच्याहत्तरीत. ऐकायला जरा कमी येतं, मराठीत अधेमधे तेलुगू. स्पीकर लावला. आधी पाच मिनिटं पायाचं, ऑपरेशनचं, गुडघ्यांचं. मग दादांनी विचारलं, "वहिनी, तवा गावातून गेलात, ते गेलात कसे? गाडी होती का?"

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"कुठली गाडी," मोठी आई म्हणाली. "नरशीपर्यंत चालत. लेकरू पदराखाली, बोचकं ह्यांच्या डोक्यावर. वाटेत दोनदा बसले मी. तिथून मोटार मिळाली."

"ऊन होतं का?"

"नव्हतं जास्ती. पहाटेच निघालो की. तुम्ही कामावर जायच्या आत निघावं म्हणले हे. तुमच्यासमोर पाय निघाला नसता त्यांचा."

दादांनी मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी फोन त्यांच्या तोंडाजवळ नेला, तर त्यांनी हातानंच तुम्ही बोल अशी खूण केली.

"दादा जेवतात का रे नीट?" मोठी आईनं मला विचारलं. मी म्हटलं, जेवतात, पण भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते. "मग मी येते संक्रांतीला," ती म्हणाली. "भाऊला सांगते गाडी काढायला. तिळाच्या पोळ्या करून आणते, मऊ असतात."